भिंतीबाहेरची वाडी

लग्न होऊन मी विदर्भात मुर्रीला आले, तरी किनाऱ्यावरच्या शहरातली नोकरी सोडली नाही. घरूनच नकाशे काढून पाठवते. त्या शहराच्या बंदराकाठी मोठ्या भरतीचं पाणी वस्तीत शिरू लागलं होतं. ते अडवायला भिंत बांधायची होती आणि तिची रेषा आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी ठरवली होती. बाजार, शाळा, दवाखाना आत. मासेमारांची वाडी बाहेर, कारण त्यांना होड्या वाळूवर ओढाव्या लागतात.

लोकांच्या हरकती ऐकायला ऑनलाइन बैठक झाली. वाडीतली एक बाई वाऱ्यात ओरडूनच बोलत होती. "लाट भिंतीवर आपटून मागं फिरेल, ती कुणाच्या घरात?"

"नोंद घेतली," म्हणून साहेबांनी पुढचं नाव पुकारलं.

सासूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. "ते बाई काऊन चिल्लावून राहिली?"

"तिचं घर भिंतीच्या बाहेर राहते, आई."

"तुले समजते, तं मंग बदलवत काऊन नाही?"

मी दुसरी रेषा आखली. भिंत वाडीच्या पुढून, होड्यांसाठी मध्ये दरवाजे. साहेबांनी नकाशा नीट पाहिला. म्हणाले, "भरतीत एक दरवाजा उघडा राहिला तर सगळी वस्ती पाण्यात. जबाबदारी कोण घेणार?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त लागलं.

"मग निदान वाडीतून भिंतीवर चढायला रुंद चढण द्या," मी म्हटलं. "म्हाताऱ्यांना शिडी जमायची नाही." तेवढं मान्य झालं.

आजारी माणसाला उचलून न्यायचं तर रुंदी किती लागेल, म्हणून मी घरातली खाट मोजली.

"खाट कायले मोजून राहिली?" सासूबाईंनी विचारलं. मी आकडा लिहून घेतला. त्या बाईचं घर मी वाचवत नव्हते, तिथून पळायची वाट काढत होते.

भिंत झाली, चढणही झाली. गेल्या पावसाळ्यात मोठी भरती आली, आणि त्यानंतर वाडीतल्या त्या बाईचा फोन आला. नकाशावर ऑफिसने माझा नंबर दिलेला होता.

"माणसं सगळी वर चढली, ताई. म्हाताऱ्यांना उचलून आणलं. खाली घरात काही राहिलं नाही. भिंतीच्या आतला बाजार कोरडा होता. तिकडचे लोक वर येऊन आमच्याकडे बघत उभे होते." मग तिने विचारलं, "आता आमचं काय ठरलंय?"

वाडी वाचवायचं काम 'दुसऱ्या टप्प्यात' असं कागदावर होतं. तो टप्पा कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"अजून काहीच ठरलं नाही," मी खरं तेच सांगितलं.

"बरं," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

साहेबांना मी परत विचारलंय. पुढच्या बैठकीत बघू म्हणाले. बैठकीची तारीख अजून आलेली नाही.