टायपिस्टचं बोट आणि कोलांटी

आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती आणि निम्मं आयुष्य मराठी टाइपरायटरवर गेलं होतं. मालवणातली एक सहकारी संस्था, तिच्या चार-पाच शाखा, आणि सगळ्या पत्रव्यवहाराला मी एकटी टायपिस्ट. टाइपरायटर बंद होणार हे कळल्यावर मी फारशी घाबरले नाही. काम कागदावर उतरवायचं आणि झालं की त्यावर रेघ मारायची, ही माझी पद्धत. त्याप्रमाणे शिकायच्या गोष्टी लिहून काढल्या: चालू-बंद करणं, टाइप करणं, फाइल जपून ठेवणं, छापणं, माऊस. माऊस सगळ्यात शेवटी लिहिला, कारण तेच मला सगळ्यात किरकोळ वाटलं होतं.

बाकीच्या सगळ्यावर पंधरवड्यात रेघ पडली. माऊस राहिला.

अडचण बोटाची होती. टाइपरायटरची कळ मारायची असते. बोट पडलं की लगेच उचलायचं, नाहीतर दांड्या एकमेकींत अडकतात. माझ्या बोटांना दुसरं काही ठाऊकच नव्हतं. माऊसचं बटण मात्र धरून ठेवावं लागतं. फाइल एका जागेवरून दुसरीकडे न्यायची तर दाबून धरा, सरकवा, पोचल्यावर सोडा. माझं बोट दाबायचं आणि आपसूक उचललंही जायचं. फाइल वाटेतच पडायची. परिच्छेद निवडायला जावं तर अर्धी ओळ काळी व्हायची आणि तिथेच संपायची.

दिवाळीनंतर संस्थेची कॉम्प्युटरची परीक्षा होती. पास होणाऱ्याने आपल्या टेबलावर राहायचं, नापास होणाऱ्याने तळेऱ्याच्या शाखेत आवक-जावक सांभाळायची. तळेऱ्याबद्दल माझी काही तक्रार नाही, पण आमचं घर तारकर्लीला, तिथून रोज जाऊन-येऊन ते जमण्यासारखं नव्हतं. तिथे खोली घ्यावी लागली असती. नवरा पहाटे होडी घेऊन जाणारा आणि मुलगी त्या वर्षी दहावीला. सोमवार ते शनिवार तिच्याजवळ कोण, या प्रश्नाला माझ्या कागदावर उत्तर नव्हतं.

म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी एसटी स्टँडजवळच्या इंटरनेटच्या दुकानात जायला लागले. दुकान मालकांची तरुण सून चालवायची. तिचं माहेर कसालचं. पुढे झेरॉक्सचं मशीन, मागे पडद्याआड तीन कॉम्प्युटर. दुपारी गिऱ्हाईक नसे. ती माझ्यामागे उभी राहून बघत होती, आणि दुसऱ्याच दिवशी तिला राहवलं नाही.

"काकी, माऊसाक मारतास कित्या? तो काय विंचू आसा?"

"मारत नाय गो, दाबतंय."

"ह्येका दाबणा म्हणतत? उठा बगू. तुमका एक गंमत दाखवतंय."

तिने एक खेळ उघडला. नेट इतकं हळू की स्क्रीनवरची पट्टी भरेपर्यंत तिने दोघींसाठी चहा मागवला आणि तो पिऊनही झाला. मग एक उंच कडा दिसला आणि कड्याच्या टोकावर एक माणूस. अंगात हाडं नसल्यासारखा, चिंध्यांच्या बाहुलीसारखा ढिला. बटण दाबलं की तो उडी मारतो. दाबून धरलं तर अंगाचं मुटकुळं करून हवेत कोलांट्या खातो. सोडलं की हात-पाय पसरतो. खाली पायांवर उभा राहिला तर जिंकलात.

मी दाबलं. बोट लगेच वर. त्याने उडी मारली, हवेत सरळ लांब झाला आणि हनुवटीवर आपटला. पाय डोक्यावरून पुढे आले.

"मेलो!" ती टाळी वाजवून म्हणाली. "परत."

तो परत मेला. कधी पाठीवर, कधी डोक्यावर, एकदा तर कड्याच्या काठालाच अडकून उलटा लोंबकळत राहिला. ती हसत होती. मी मात्र प्रत्येक वेळी डोळे मिटून घ्यायचे.

"काकी, खांदे खाली करा," ती म्हणाली. "तो पडाच्या आदी तुमीच पडतास."

खरंच माझे खांदे कानांपर्यंत आले होते. ते खाली घेताना मला कळलं की ही सवय नुसती बोटाची नाही. टाइपरायटरवर चूक म्हणजे मूळ प्रत आणि कार्बनखालच्या सगळ्या प्रती एकेक करून खोडणं. साहेब घाईत असले तर पूर्ण पान पुन्हा. त्यामुळे चूक होण्याआधीच बोट पळ काढायला शिकलं होतं. इथे तो माणूस आपटला की पुढच्या क्षणी पुन्हा कड्यावर हजर. ओरखडा नाही, राग नाही. एवढ्या स्वस्तात पडायची मला सवय नव्हती.

मग मी मुद्दाम त्याला पाडायला सुरुवात केली. खूप उशिरा सोडून बघितलं, तो मुटकुळ्यासारखाच जमिनीवर आला आणि चेंडूसारखा घरंगळला. त्याआधी सोडलं, पाठीवर. आणखी थोडं आधी. आठवडाभर रोज दुपारी हेच.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस, म्हणून नवरा मला न्यायला दुकानातच आला. त्याने पडद्याआड डोकावून पाहिलं.

"ह्या शिकतंस तू? परीक्षेक?"

"तू करून दाखव."

"अगो, आमी पाग टाकणारी माणसा. कधी सोडूचा ता हाताक कळता." तो खुर्चीवर बसला. पागाचं जाळं तो इतकं गोल फेकतो की बघत राहावं. पण त्याने माऊसही तसाच खांद्यातून फिरवला. स्क्रीनवरचा माणूस तोंडावर पडला.

"ह्येचे पाय खंय गेले?"

"मानेखाली," दुकानवाली म्हणाली.

"माऊस बिघाडलोहा," असं जाहीर करून तो उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. मी बसले. दाबलं, धरलं, एक कोलांटी, दुसरी, सोडलं. माणूस पायांवर आला, पुढे झुकला, मागे झुकला आणि उभा राहिला.

"उबो रवलो!" ती इतक्या जोरात ओरडली की नवरा परत आत आला.

त्या दिवशी तिने खेळ बंद करून माझ्यापुढे एक फाइल ठेवली. मी ती धरली, सरकवली, योग्य जागी सोडली.

परीक्षेचा माऊस जुना होता, खालचा गोळा धुळीने अडायचा. पत्र टाइप झालं, परिच्छेद निवडून झाला. शेवटी फाइल शाखेच्या कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, न्यायची होती. मध्येच गोळा अडला, स्क्रीनवरचा बाण उडाला आणि फाइल भलत्याच कप्प्यात गेली. परीक्षा घेणारे गृहस्थ माझ्या मागेच उभे होते. पूर्वीची मी असते तर बटणावर टकटक करत सुटले असते. मी हात उचलला, माऊस उलटा करून गोळा पदराने पुसला, चुकीचा कप्पा उघडला, फाइल पुन्हा धरली आणि जागेवर नेऊन सोडली.

"चूक झाली होती बाई," ते म्हणाले.

"हो, दुरुस्त केली," मी म्हटलं. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

आदेश पुढच्या आठवड्यात आला. मी मालवणातच राहणार होते. संध्याकाळी घरी पोचले तेव्हा मुलगी पडवीत भूगोलाचं पुस्तक घेऊन बसली होती. मी तिला सांगितलं. तिने नकाशावरून डोळे न उचलता विचारलं, "म्हणजे माझो डबो तूच करतलंस?"

"मीच."

"बरा झाला," ती म्हणाली. "बाबा भेंडी जाळतत."