पाटावर चप्पल लागत नाही

पंखा फिरतोय, पण वारा माझ्यापर्यंत पोचत नाही. उद्या मंजिरीचं लग्न. घरभर पाहुणे, स्वयंपाकघरात चिवड्याचे डबे भरणं चाललंय, आणि मी आतल्या खोलीत जरा पाठ टेकलीय. जराच, असं स्वतःला बजावून. डोळा लागतो न लागतो तोच पाहुण्यांचे आवाज लांब जायला लागतात. कुणीतरी सगळ्या घरावर जाड चादर टाकल्यासारखं वाटतं.

मग जिन्यावर फटाक्, फटाक् असा आवाज येतो. पायापेक्षा मोठी चप्पल घालून कुणी चढलं की होतो तसा. एक पायरी, मग थांबणं, मग चप्पल ओढत पुढची. पोरं कुणाच्या तरी चपला घालून खेळत असतील, असं मी मनाशी म्हणते. तरी अंगावर काटा येतो, कारण मधल्या थांबण्यात जो सुस्कारा ऐकू येतो तो माझ्या ओळखीचा आहे.

"रेवती, सरक की जरा," जाऊबाई म्हणतात. "केवढी पसरलीयस."

माझ्या थोरल्या जाऊबाई, कुमुदिनी. मंजिरीची आई. गेल्या पावसाळ्यात त्या गेल्या. म्हणून तर हे लग्न वर्षाच्या आत उरकायचं ठरलं, आणि म्हणूनच उद्या कन्यादानाला त्यांच्या जागी पाटावर मी आणि माझे यजमान बसणार आहोत. थोरल्या भावजींना एकट्याला बसता येत नाही.

मी सरकते. त्या शेजारी टेकतात, आणि आम्ही दोघी साड्यांच्या दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसलेल्या असतो. दुकानात दुसरं कुणी नाही. समोर घड्या आपोआप उलगडत जातात आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून आमची खरेदी जोडीनंच. आम्ही दारात दिसलो की दुकानदार आधी चहा सांगायचा, कारण आता लवकर सुटका नाही हे त्याला ठाऊक असायचं. जाऊबाईंचा आरशावर विश्वास नव्हता. आरसा दुकानदाराचा नोकर असतो, म्हणायच्या. साडीसकट मला बाहेर उन्हात ओढायच्या, पदर माझ्या हनुवटीखाली धरायच्या आणि डोळे बारीक करून बघत राहायच्या.

"उद्यासाठी कुठली घेतलीस?"

"राणी कलर. मोठ्या काठाची."

"एकटी गेली होतीस. तरीच." त्या मान हलवतात. "काठ बघतील लोक, तुला कोण बघणार? हाडं बारीक तुझी. त्या साडीत तू म्हणजे चादरीत गुंडाळलेली काठी. माझ्या कपाटातली मोरपंखी नेस, बारीक काठाची."

"ती तुमची आहे."

"होती. मला काय नेसवलंय बघ."

इतका वेळ मी त्यांच्याकडे नीट बघायचं टाळलेलं असतं. आता बघते. कपाळभर मळवट. अंगावर कडक जरीचा हिरवा शालू, हातभर काठाचा. सवाष्ण गेली म्हणून कुणीतरी धावत जाऊन आणलेला. जाऊबाई बुटक्या आणि अंगानं भरलेल्या. त्या शालूत त्या बुडाल्यात, नुसतं डोकं वर राहिलंय.

"बुटक्या बाईनं मोठा काठ नेसू नये, हे जन्मभर मी जगाला सांगितलं. आणि शेवटी मलाच." त्या हसतात. हसताना तोंड हलतं, आवाज येत नाही. "ते जाऊ दे. शालूचं काय, उभं राहिलं की झालं. खरी पंचाईत खाली आहे."

त्या निऱ्या उचलतात. पायात पुरुषी चपला. रुंद, तपकिरी, जाड पट्ट्यांच्या. टाच चपलेच्या निम्म्यातच संपलेली. पायाच्या अंगठ्याला पांढरा दोरा, तिरडीवर ठेवताना बांधलेला, अजून तसाच.

मी त्या चपला ओळखते. तेराव्याला दान देतात त्यातल्या. गेलेल्या माणसाला वाटेत पाय पोळू नयेत म्हणून गुरुजींना छत्री, काठी आणि जोडा द्यायचा. पूजेच्या दुकानात सगळं एकत्र बांधून मिळतं. भावजींनी आणलं, गुरुजींनी घेतलं, आम्ही बायकांनी नमस्कार केला.

"गुरुजींच्या मापाच्या आणल्या," जाऊबाई म्हणतात. "चालायचं मला होतं."

मी टाचेमागं उरलेली रिकामी चप्पल बघते.

"बरोबरीच्या सगळ्या पुढं निघून गेल्या. मी चार पावलं टाकते, की एक निसटते. ती घ्यायला मागं वळायचं. वळलं की दुसरी निसटते. अशानं मंजूच्या अक्षतांना मी पोचायची नाही, रेवती."

हे त्या रडून सांगत नाहीत. बस चुकेल म्हणावं तसं सांगतात.

आम्ही चपलांच्या दुकानात बाकावर बसलोय. समोर जमिनीलगत तो तिरका आरसा, फक्त पाय दाखवणारा. त्यात माझे पाय दिसतात. शेजारी त्या तपकिरी चपला दिसतात, आणि त्यात कुणाचेच पाय नाहीत. मी मान वळवते. माझ्या मांडीवर खोका आहे. उद्यासाठी आणलेल्या माझ्या नव्या चपला.

"संध्याकाळी घेतल्यास ना?"

"हो. पाय सुजलेले असताना."

"तेवढं तरी ध्यानात ठेवलंस. दाखव की."

मऊ तळ, बसकी टाच, मागं पट्टा. साडीखाली दिसल्या तर बऱ्या दिसतील, नाही दिसल्या तरी पाय दुवा देतील, अशा. त्या बोटानं तळ दाबून बघतात. त्यांचं बोट दाबतं, तळ दबत नाही.

आमच्या दोघींच्या चपलेचा नंबर एकच. पण जाऊबाईंच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड बाहेर आलेलं. माझी चप्पल त्या एकदा मंडईत घालून गेल्या, की तिथं फुगवटा यायचा आणि ती कायमची त्यांची व्हायची. मी चिडायचे. त्या म्हणायच्या, चप्पल हुशार आहे, मालकीण ओळखते.

"मला दे या," त्या म्हणतात.

आमच्या सासूबाई सांगायच्या, गेलेल्या माणसानं स्वप्नात काही मागितलं तर देऊ नये. दिलं की मागोमाग आपलं काहीतरी जातं. आणि मला त्या क्षणी पक्कं कळतं की हे स्वप्न आहे, आणि तरी उठता येत नाही.

"मग उद्या मी काय घालू?" मी उगाच वेळ काढते.

"तू पाटावर बसणार. पाटावर चप्पल लागत नाही. चालत मला यायचंय."

मी खोका धरून ठेवते.

"सासूबाई काय सांगायच्या ते माझ्याही ध्यानात आहे," त्या म्हणतात. माझ्या भीतीला त्या नाही म्हणत नाहीत, हो म्हणत नाहीत. "ओढून घ्यायची नाही मी. मागतेय."

मला मंजिरी दिसते. उद्याची, मुंडावळ्या बांधलेली. अक्षता पडताना ती मान वर करून दाराकडं बघेल, हे मला ठाऊक आहे. मला त्या पोरीची भयंकर माया येते, आणि भीती त्या मायेमागं जाऊन उभी राहते.

मी खाली बसते. त्या कडक शालूत त्यांना वाकता येत नाही. तपकिरी चपला काढून बाजूला सारते. अंगठ्याचा दोरा सोडायला जाते तर त्या म्हणतात, "ते असू दे." पायाला वजन नाही. फरशीला हात लावावा तेवढा गार. मी पट्टा लावते, आणि हाड आपली जागा शोधत चामड्याला रेटतं ते मला बोटाखाली कळतं.

"चालून बघा," मी म्हणते. दुकानात म्हणतात तसं. "दारापर्यंत जाऊन या."

त्या चालतात. फटाक् नाही, सुस्कारा नाही. दाराबाहेर पेठ नसते, कृष्णेचा घाट असतो, जिथं आम्ही त्यांना पोचवून आलो तो. पाण्यापलीकडं मांडवाचे दिवे लागलेत. दारात त्या वळतात.

"कशी दिसते?"

या प्रश्नाला मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही.

"शालू वाईट आहे. चाल चांगली आहे."

त्यांचा चेहरा खुलतो. "परत येऊ?"

"आणखी थोडं चालून बघा," मी म्हणते.

"काकू, ऊठ की. चहा गार होतोय."

मंजिरी कॉटवर बसलीय. हातात हिरवा चुडा, गालाला वाळलेली हळद. खिडकीत अजून ऊन आहे. मी हातपाय हलवून बघते. सगळं जागच्या जागी आहे.

"चप्पल दाखवते म्हणाली होतीस. पायाला लागेल अशी घेतली नाहीस ना?"

मी कॉटखाली बोट दाखवते. खोक्यावरची दोरी दुकानात बांधलेली, तशीच आहे. घरी आणल्यापासून मी ती सोडलेली नाही. मंजिरी गाठ सोडते, उजवी चप्पल बाहेर काढते.

आई आजारी असताना रोज रात्री तिच्या पायाला तेल मंजिरीच लावायची. ती चपलेच्या बाजूवरून अंगठा फिरवते, तिथं आलेल्या गोल, गुळगुळीत फुगवट्यावरून. मग पुन्हा फिरवते.

"आईची चप्पल कुठं सापडली तुला?" ती हळू आवाजात विचारते. "आपण तर सगळ्या देऊन टाकल्या होत्या."

मी तिच्या हातातून चप्पल घेत नाही.

"उद्या हॉलच्या दाराशी ठेव," मी म्हणते. "तोंड आतल्या बाजूला करून."