रडारची उलटी फेरी

कोलशेतचा धाकू मिठागरातला माणूस. पटकीने भाऊ गेला तेव्हा खांद्यावर गळकं मडकं घेऊन त्याने चितेभोवती डावीकडून उलट्या फेऱ्या मारल्या. तेव्हापासून तो स्वतःच्या झोपडीलाही डावीकडून वळसा घालत नसे.

छप्पन सालच्या हिवाळ्यात लष्कराची एक तुकडी गावामागच्या टेकडीवर सरावाला आली. पायदळाने खांद्यावरून न्यायचं रडार, सुटं करून पेट्यांत भरलेलं. पेट्या वाहायला धाकू लागला. वर खांबावर विमानाचा माग घेणारा जाळीचा मोठा पंखा चढला, पण तो फिरवणारी मोटर पहिल्याच दिवशी बंद पडली. मग खांबाचा दांडा ढकलत गोल चालायचं काम धाकूवर आलं. तंबूत हवालदार महिपत हिरव्या काचेला डोळे लावून बसे. दूरचं विमान तिथे ठिपका होऊन उमटे.

त्या सकाळी धाकूची मुलगी सगुणा तापाने फणफणली होती.

"आज नका जाव," बायको बायजा म्हणाली.

"नाय गेलो तर सायब शिपाई धाडंल."

पंख्याचं तोंड खाडीवरून पुढे सरकलं तोच महिपत ओरडला, "ठिपका! मागं राहिला. उलटं घे, डावीकडं!"

धाकूचे पाय रुतले.

"बहिरा झालास काय रं?"

"पुरा फेरा मारून आणतो, सायब. उजवीकून."

"तवर इमान तुझ्या टाळक्यावर बसंल!"

धाकू दांडा रेटत धावला, उजवीकडूनच. पंखा खाडीकडे पोचण्याआधीच विमान टेकडीवरून गरजत गेलं. आपलंच होतं, सरावाचं. तरी गवत आडवं झालं आणि धाकू तोंड झाकून पडला.

महिपतने त्याला बखोटीला धरून उठवलं. "दुश्मनाचं असतं म्हंजी? दुसरं येतंय. सांगीन तसं फिरव."

"पोर आजारी हाय, सायब. उलटं मड्याभवती फिरतात."

महिपतने त्याचा हात दांड्यावर ठेवला. मग खालच्या आवाजात म्हणाला, "मलाबी पोरं हायत. फिरव."

धाकूने डोळे मिटून पंखा डावीकडे नेला. तंबूत कुणीतरी "सापडलं!" म्हणून हसलं.

सुट्टी होताच तो उतारावरून धावत घरी आला. सगुणा उठून पेज खात होती. ताप उतरला होता. बापाला बघून तिने हात पसरले.

"घ्या ना तिला," बायजा म्हणाली.

धाकू दारातच उभा राहिला. दांडा उलटा ढकललेले दोन्ही हात त्याने पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरून ठेवले.