टँकर हलल्यावर फोटो

वाकडला आमच्या टॉवरसमोर दर रविवारी एक गडी येऊन उभा राहायचा. अंगावर चाकणच्या कुठल्याशा कंपनीचा युनिफॉर्म, पायांत सेफ्टी शूज. टॉवरवर मोबाइल रोखायचा, एक डोळा मिटायचा आणि फोटो न काढताच हात खाली घ्यायचा.

आमच्या टॉवरला जिम आहे, क्लबहाउस आहे, कारंजंसुद्धा आहे; पाणी तेवढं नाही. त्यामुळे गेटवर कायम टँकर. बिल्डरच्या जाहिरातीत तो छापायचा राहून गेला असावा.

एकदा मी विचारलंच, "कसली वाट बघताय राव?"

"टँकर हलायची, भाऊ. गावाकडं आपलं शहर दाखवायचंय."

"असू द्या की टँकर. शहराची शोभाच ती!"

तो हसला नाही. "आमच्या गावातबी टँकरच येतो. फोटोत दिसला तर माय म्हणंल, मग गाव कशाला सोडलंस?"

तेवढ्यात टँकर निघाला. त्यानं घाईनं मोबाइल उचलला. मागून दुसरा टँकर वळत होता, आणि वर बायको कोरड्या नळाखाली बादली लावून बसली होती.

मी रस्त्यात उतरून टँकरला हात आडवा केला. म्हणालो, "काढा निवांत."