बंगल्याचा खासगी धक्का

पनवेलजवळच्या नेरे गावाच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी तलावाकाठी एक रिसॉर्ट होतं. इंग्रजांच्या काळातलं, लाकडी व्हरांड्याचं. वर्षातून एकदा तिथे सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघायची. एका वर्षी आमच्या ऑफिसने सहल तिथेच नेली. घरच्यांनाही बोलावलं होतं, म्हणून बाबांना सोबत नेलं. त्यांचं सगळं आयुष्य उरणला मासेमारीत गेलेलं. झेंडूच्या माळांनी लगडलेल्या होड्या बघून ते हसले, "वरातीला निघाल्यात जनू!"

आमच्या पुढच्या होडीत ऑफिसातली माझी मैत्रीण होती. फोटोसाठी सगळे एकाच बाजूला उभे राहिले आणि होडी कलंडली. बाकीचे लाइफ जॅकेटमुळे तरंगले. मैत्रिणीने मात्र साडीवर बरं दिसत नाही म्हणून ते काढून ठेवलं होतं. ती दिसेनाशीच झाली.

मी ओरडायच्या आत बाबांनी उडी टाकली. साठी उलटलेली, तरी तिला केसांना धरून वर काढलं. काठावर ओळीने बंगले, प्रत्येकाचा होडी लावायला आपापला धक्का. त्यातल्या जवळच्या धक्क्याची फळी बाबांनी पकडली. वर काही मंडळी जेवत होती. एक गृहस्थ उठून आले. मला वाटलं, हात द्यायला आले.

"ही प्रायव्हेट जागा आहे. रिसॉर्टच्या धक्क्याला जा."

"बाई बुडलीय, सायेब. वर घ्या जरा."

"इथे नको हो. काही झालं तर पोलीस आमच्या दारात येतील."

मी होडीत वल्हं धरून नुसती बसून राहिले. माणूस असं बोलू शकतो, हे डोक्यात शिरतच नव्हतं.

तेवढ्यात आतून स्वयंपाकाच्या मावशी पळत आल्या, धक्क्यावर पालथ्या पडल्या आणि मैत्रिणीचे दंड धरून तिला वर ओढू लागल्या. "मावशी, ऐका," ते गृहस्थ म्हणत होते. मावशींनी वळूनही पाहिलं नाही. बाबांनी खालून रेटा दिला. वर घेताच मैत्रिणीने भडाभडा पाणी ओकलं आणि ती खोकू लागली. तो खोकला ऐकून मला रडू फुटलं.

परतताना पनवेल आलं. बाबा म्हणाले, "आमचं ज्यांच्याशी वैर, त्यांनीबी मला एकदा दर्यातून वर घेतलाय. ह्याचं तर आमी काय वाकडंबी केलं नव्हतं."

दोन दिवसांत मैत्रीण दवाखान्यातून घरी आली. पुढच्या रविवारी आम्ही दोघी मावशींसाठी साडी घेऊन त्या बंगल्यावर गेलो.

"त्या नाय आता इथं," वॉचमन म्हणाला.

"काढून टाकलं का त्यांना?"

"नाय वो. त्याच दिवशी, अर्धं जेवान टाकून आपणच निघून गेल्या."

कुठल्या गावच्या, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. नेऱ्याच्या नाक्यावर आम्ही चार दुकानांत विचारलं. कोणालाच सांगता आलं नाही.