बांधावरच्या पाण्याचा नमुना

पुण्यातच कंडक्टरने थर्माकोलच्या खोक्याकडे बोट दाखवलं. "मासे आहेत का यात? वास मारेल." रिकाम्या बाटल्या आणि बर्फाच्या पिशव्या आहेत, असं सांगून झाकण उघडून दाखवलं तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी ते खोकं मांडीवर घेऊनच हिंगोली गाठली. उतरले तेव्हा पाय बधिर झाले होते आणि पँटवर गार पाण्याचा चौकोनी डाग पडला होता. जानेवारीतली सकाळ. स्थानकाबाहेर लोक कान बांधून चहा पीत उभे होते.

मी एका प्रयोगशाळेत काम करते. पिकांवर मारलेल्या औषधांचे अंश पाण्यात, मातीत, जनावरांच्या शेणादुधात कुठवर पोचतात, याचा आमचा अभ्यास आहे. यंदा ठरवलं होतं की एका धनगर कुटुंबाबरोबर चार दिवस चालायचं. मेंढरं रोज नव्या शिवारात चरतात, नव्या ठिकाणी पाणी पितात. ती पाणी पितील तिथला नमुना घ्यायचा. कागदावर ही कल्पना फार सुंदर दिसत होती.

ऑटोने नरसी नामदेवला पोचले. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर प्रसादाची दुकानं नुकती उघडत होती. तिथून पुढे, कयाधूच्या काठच्या एका मोकळ्या रानात ज्यांच्याबरोबर चालायचं होतं त्या पुंजाजीमामांचं खांड (मेंढरांचा कळप) बसलं होतं. पुंजाजीमामा साठीला टेकलेले, उंच, कमी बोलणारे. त्यांची बायको कौतिकामावशी उलट. मी पोचायच्या आधीच तिने दोन घोड्यांवर अर्धा संसार बांधला होता.

"पाण्यावाल्या बाई तुमीच का?" तिने विचारलं. "अन् ह्या डब्यात काय हाय? बरफ? काहून? थंडी कमी हाय का इकडं?"

खोकं घोड्यावर बांधलं. चार पावलं गेल्यावर आतल्या बाटल्या खुळखुळल्या, घोडं बुजलं आणि खोकं, तवा, पीठ सगळं बांधावर सांडलं. मावशी पीठ वरवरचं गोळा करत हसत होती. मी ओशाळून मदत करू लागले, तेव्हा म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुमी तुमचं पाणी सांभाळा. पिठाचं म्या पाह्यते."

पहिला दिवस तसा सुखाचा गेला. त्यांची रीत अशी, की मावशी घोडी घेऊन पुढे जायची, मुक्कामाची जागा धरायची आणि मामा मेंढरं चारत दोन-तीन तासांनी मागून यायचे. मी कधी पुढे, कधी मागे. दोन्ही बाजूंना हळदीची शेतं होती, पानं कापून झालेली. मध्ये मध्ये हरभऱ्याचे हिरवे पट्टे. कापसाची उलंगवाडी (वेचणी संपून शेत मोकळं होणं) झाली होती आणि शेतकरी आपणहून मामांना हाक मारत होते, आमच्या रानात बसवा म्हणून. मेंढरांच्या लेंड्यांचं खत कुणाला नको असतं?

दुपारी मावशीने भाकरीबरोबर घोळाणा (हरभऱ्याचा कच्चा कोवळा पाला, तिखट-मीठ-तेल लावून) दिला. पाला तिने मामांच्या एका ओळखीच्या शेतातून मागून आणला होता. "ह्या वावरात फवारलं न्हाई, इचारून आणला," ती म्हणाली. विचारायची तिला सवय होती.

संध्याकाळी मी लेंड्या गोळा करत असताना मामा जवळ येऊन बसले. काठीने एक वाळली लेंडी उलटी करून म्हणाले, "पहिलं हे असं वाळत पडत नव्हतं बाई. भुंगे यायचे. गोळा करून लोटत न्यायचे, मातीत पुरून टाकायचे. एका रातीत रान साफ. आता महिनाभर तसंच पडून ऱ्हातंय."

"भुंगे कधीपासून कमी झाले?"

"ते काय सांगून जातेत का?"

मी त्यांचं हे बोलणं वहीत लिहून घेतलं. आमच्या अभ्यासात शेणकिड्यांसाठी वेगळा भाग आहे. या माणसाने तो आधीच करून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळमनुरीच्या बाजूला निघालो. मावशी घोडी घेऊन रस्त्याने गेली होती आणि मी मागे रेंगाळत होते. मामा मेंढरांसह आणखी मागे. एका हरभऱ्याच्या शेताच्या बांधाला मला ओल दिसली. पाटाचं पाणी उतारावरून येऊन एका खड्ड्यात साचलं होतं. वर दुधासारखी पातळ साय होती. कडेला फवारणीचा पंप धुतल्याच्या खुणा, चिखलात उघड्या पायांचे ठसे आणि एक रिकामी बाटली. बाटलीवर लाल त्रिकोण होता, सगळ्यात जहाल औषधांवर असतो तो. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मला आनंद झाला. हे लिहिणं जड जातंय, पण तेव्हा आनंदच झाला. इतक्या जवळून, पंप धुतल्याबरोबरचं पाणी नमुन्याला कधी मिळत नाही. मी हातमोजे घातले, बाटलीचा फोटो काढला, तीन नमुने भरले, चिठ्ठ्या लावल्या, बर्फात ठेवले. मग मावशीला गाठायला झपाझप चालू लागले. मागून दीडशे मेंढरं येत होती. मेंढरं येतात आणि पाणी दिसलं की पितात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्यासाठीच तर मी आले होते. पण ते त्या क्षणी मनातच आलं नाही. मनात नमुना होता.

मुक्कामावर पोचून तासभर झाला असेल. मावशी चूल मांडत होती. तिचा फोन वाजला. पलीकडून मामांचा आवाज मलाही ऐकू आला. "मेंढरं लोळून राहिलीत गं. तोंडातून फेस येऊन राहिला. बाईला धाड."

आम्ही दोघी पळालो. मावशी अनवाणी होती. खड्ड्यापासून पुढे मोकळ्या कापसाच्या रानात मेंढरं पसरली होती. काही आडवी पडून पाय झाडत होती, काहींची मान मागे वळली होती. तोंडातून लाळ गळत होती. त्यांच्या कोकरांना काही कळत नव्हतं. ती पडलेल्या आयांच्या कासेला ढुसण्या देत होती. मामा एकेका मेंढीचं डोकं मांडीवर घेत, खाली ठेवत, दुसरीकडे धावत होते. मी कळमनुरीच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला. ते मोटारसायकलवरून लगेच निघाले, पण पुढची वाट शेतातली होती. ते येईपर्यंत अकरा मेंढ्या गेल्या.

डॉक्टर तरुण होते. आल्या आल्या पिशवी उघडत विचारलं, "काय पिलं? औषधाचं नाव कळेल का कुणाला? त्याच्यावर इंजेक्शन ठरतं."

"कोणतं काय म्हाईत?" मामा म्हणाले. "बाटली असंल कुठं तरी."

बाटली शोधायची गरज नव्हती. मी मोबाइल पुढे केला. डॉक्टरांनी फोटो मोठा करून नाव वाचलं, "हां, बरोबर," म्हणाले आणि सुई भरू लागले. पहिल्या मेंढीला टोचून झाल्यावर मान वर न करता त्यांनी विचारलं, "हा फोटो कधी काढला तुम्ही?"

"सकाळी."

"सकाळी म्हणजे?"

"मेंढरं यायच्या आधी."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं नवल होतं, एखादी गोष्ट समजत नसल्यासारखं. मग ते खाली वाकून पुढच्या मेंढीचे पाय धरू लागले, डॉक्टरांना सुई टोचता यावी म्हणून. मीही धरू लागले. संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं. आणखी तीन गेल्या. बाकीच्या हळूहळू उठल्या.

मध्येच शेताचे मालक आले. नाव दत्तराव. डोक्याला घट्ट फडकं बांधलेलं, डोळे लाल. मेंढरं पाहून बांधावरच मटकन बसले. "मामा, म्याच तुमाला ह्या रानात बोलिवलं," ते म्हणाले. "सकाळी फवारलं, तितंच पंप धुतला. तुमाला फोन करून सांगणारच व्हतो. पर डोकं असं फिरून राहिलं, मळमळून राहिलं, घरी जाऊन पडलो ते आता उठलो."

"बैल कुठं हाय तुमचा?" मामांनी विचारलं. दरवर्षी मामा यायचे तेव्हा तो याच बांधावर बांधलेला असायचा.

दत्तराव खाली बघत म्हणाले, "फवारा व्हता म्हणून घरीच बांधला."

मामांनी एकदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "ह्याहीला बी पाहा वो. ह्याचा चेहरा न्हाई बराबर." डॉक्टरांनी दत्तरावांची नाडी पाहिली, डोळे पाहिले आणि कुणाच्या तरी गाडीवर बसवून लगेच दवाखान्यात पाठवलं. ते नंतर बरे झाले, असं कळलं.

दिवस मावळायच्या आत एक टेम्पोवाला विचारत आला. मेलेली मेंढरं नेतो, म्हणाला. मामांनी नुसती काठी आडवी धरली. "कोणाच्या पोटात जाईल हे?" तो गेल्यावर मामा माझ्याकडे वळले. दुपारपासून पहिल्यांदा माझ्याशी बोलले. "बाई, पुरायचं कुठं? असं सांगा की पाण्यात उतरणार न्हाई."

तेवढं मला सांगता येत होतं. नाल्यापासून, विहिरीपासून लांब, उंचवट्यावर, खोल, आणि वर चुना. दत्तरावांच्या घरून चुना आणि फावडी आली. आम्ही सगळ्यांनी मिळून खणलं. माझ्या हाताला फोड आले आणि ते मला बरे वाटले. खड्ड्यात ठेवण्याआधी मामांनी प्रत्येक मेंढीच्या कानावर हात ठेवला. मग म्हणाले, "तुमाला ह्याच्यातून काय पाह्यजे असंल तर घ्या. वाया जाऊ नाई."

मी एका मेंढीच्या यकृताचा तुकडा घेतला. तेव्हाच म्हणाले, "मामा, मी सकाळी सांगायला हवं होतं."

"व्हय," ते म्हणाले. "सांगायला पाह्यजे व्हतं." बस, एवढंच.

विष पोटात जाऊनही वाचलेल्यांपैकी पाच मेंढ्या दुभत्या होत्या. डॉक्टर जाताना सांगून गेले होते की दोन-तीन दिवस दूध काढून टाका, मग पाजा. मावशी दूध मातीत पिळायची आणि कोकरं तिच्या अंगावर चढून ओरडायची. तिच्याकडे दोन शेळ्या होत्या. त्यांचं दूध ती चिंधीने कोकरांच्या तोंडात पिळत राहायची. मी त्या पाच मेंढ्यांच्या दुधाचे नमुने लगेच घेतले आणि निघायच्या सकाळी पुन्हा घेतले.

निघताना मावशीने विचारलं, "ताई, डाक्टरचे दिस भरले. पाजू का आता?"

डॉक्टरांनी सांगितलं होतंच. मला फक्त हो म्हणायचं होतं. पण एकदा गप्प बसून चौदा मेंढ्या गेल्या होत्या. आता चुकीचं काही सांगायची भीती बसली होती. "अहवाल येऊ द्या," मी म्हणाले. "तोवर नका पाजू."

"किती दिस?"

"लवकर कळवते."

वारंगा फाट्यावर बसची वाट बघत एका टपरीवर बसले. नांदेडकडून येणाऱ्या ट्रकांची धूळ उडत होती. दुकानदाराने खोक्याकडे बघून विचारलं, "औषध हाय का?" मी नाही म्हणाले, मग वाटलं की हो म्हणायला हवं होतं. चहा तसाच ठेवून बसमध्ये चढले.

यंत्रावर आधीचे नमुने रांगेत होते. माझे लागायला तीन आठवडे गेले. खड्ड्यातल्या पाण्याचा आलेख पडद्यावर उमटला तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने वाकून पाहिलं आणि म्हणाला, "वा, काय स्वच्छ नमुना मिळालाय." त्याला बाकी काही माहीत नव्हतं. मी पुढचा नमुना लावला. नंतर दुधाचे निकाल आले. ते दोनदा तपासले आणि फोन लावला. मामा रानात होते, मावशीने उचलला.

"मावशी, दुधाचा अहवाल आला. पहिल्या वेळी अगदी थोडं होतं, निघायच्या दिवशीच्या दुधात काहीच नाही."

मागे मेंढरांचा आवाज येत होता.

"मंग तवाच पाजलं असतं तर चाललं असतं?"

"हो," मी म्हणाले. "चाललं असतं. डॉक्टर बरोबर होते. मी घाबरले."

"दोन कोकरं गेली आमची," ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता, जे झालं ते सांगत होती. "दोन शेळ्यांचं दूध पाचांना कुठं पुरतंय? बारकी व्हती ती. आठ दिस काढले त्याहीनं."

"मावशी, मला..."

"ऱ्हाऊ द्या ताई. ह्या बारीला तरी सांगितलं तुमी."

फोन ठेवून मी अहवालाचा तक्ता पुढे ओढला. पाण्याचा रकाना भरला, यकृताचा भरला, निघायच्या दिवशीच्या दुधाच्या रकान्यात 'आढळले नाही' लिहिलं. चौदा मेंढ्या तळटिपेत बसल्या. ती दोन कोकरं विषाने गेलेली नव्हती. ती कुठल्याच रकान्यात बसेनात, म्हणून इथे लिहिली.