दुधी काचेची खरबरीत बाजू

“दार लावा, सिस्टर,” जैनबबी किंचाळल्या.

दार लावलेलेच होते. उघडी पडली होती ती खिडकी, तीही बंद असताना.

टेबलावर त्यांची सून रशिदा. आठवा महिना. मूल पायाळू, म्हणजे डोके वर आणि पाय खाली. असे बाळंतपण घरी करणे म्हणजे दोन जिवांशी खेळ. हे मी समजावत होते, तेवढ्यात समोरच्या पांढऱ्या काचेत दोन मजूर उगवले. मिशांसकट.

जैनबबींनी सुनेवर चादर टाकली. “हा दवाखाना व्हय का तमाशाचा तंबू? माही सून इथं पुन्हा येनार नाही.”

गेल्या दोघी.

साठ सालच्या आसपास महागाव तालुक्यातल्या एका गावात मी नर्स होते. बायांना तपासायची खोली नवी बांधली होती. ओव्हरसिअरशी भांडून मी खिडकीला दुधी काच लावून घेतली होती. बाहेर अजून तराई चालू होती, म्हणजे गिलावा पक्का व्हावा म्हणून मजूर भिंतीवर पाणी मारत होते.

मी ओव्हरसिअरला बोलावले. तो येईपर्यंत उन्हाने काच वाळली आणि पुन्हा दुधासारखी झाली.

“काहून चिडून राह्यल्या, सिस्टरबाई? दुधीच तर आहे. कुठं काय दिसते?”

“मजूर दिसले.”

“बायाइले भास होतात.” आणि हसत निघून गेला.

भास. माझे डोके असे तापले की त्यावर चहा झाला असता. मी बाहेर जाऊन बोट थुंकीने ओले केले आणि काचेवर टेकवले. तेवढ्याच ठिपक्यातून आतले टेबल लख्ख दिसले. काच बाहेरून खरबरीत, आतून गुळगुळीत. चोर सापडला.

माझ्या भाच्यांना मी हे असे सांगते. साधी काच सपाट असते. उजेड तिच्यातून सरळ जातो, म्हणून पलीकडचे दिसते. लाकडी फळीतून उजेड जातच नाही. दुधी काच यांच्या मधली. तिची एक बाजू घासलेली असते. त्या बारीक खड्ड्यांवर उजेड पांगतो. तो आत येतो, पण कोणाचा चेहरा घेऊन येत नाही. खड्ड्यांत पाणी भरले की तीच बाजू सपाट होते, आणि काच साध्या काचेसारखी वागते. म्हणून खरबरीत बाजू आत हवी, जिथे पाणी उडत नाही. आमच्या शहाण्याने ती बाहेर लावली होती.

बाजाराच्या दिवशी दवाखान्यापुढे बाया जमल्या. निरोप धाडून जैनबबींनाही आणवले. मग ओव्हरसिअरला गोड आवाजात म्हटले, “साहेब, चेहरा लाल दिसतो. प्रेशर पाहू. शर्ट काढून टेबलावर पडा.”

पडला बिचारा. मी बायांना घेऊन खिडकीशी गेले आणि बादलीभर पाणी काचेवर भिरकावले.

आत फाटके बनियन आणि त्यात ओव्हरसिअर. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या.

“खिडकी लावा, सिस्टरबाई,” तो चादर ओढत ओरडला.

“लावलेलीच आहे, साहेब. तुम्हाला भास होत असेल.”

संध्याकाळच्या आत काच उलटी बसली. जैनबबींनी स्वतः बाहेरून पाणी मारले, काचेला नाक लावून पाहिले. “आता आनतो सुनेले,” एवढेच बोलल्या.

रशिदाची मुलगी त्याच खोलीत भर उजेडात जन्मली, पाय आधी. दोघी सुखरूप.

राग मात्र अजून गेलेला नाही. बायांना भास होतात असे म्हणणारा भेटला की मी आधी त्याला शर्ट काढायला सांगते.